पूर्ववत करायचा, पण कोणत्या दिवसासारखा?

आजोबांनी १९७४ साली घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ गेली अकरा वर्षं गोठ्यामागच्या शेडमध्ये उभा आहे. एका गॅरेजवाल्यानं ‘फुल रिस्टोरेशन’ म्हणून तुम्हाला यादी करून दिलीय: डीआय इंजिन (ज्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं), पॉवर स्टिअरिंग, नवं बोनेट, नवे मडगार्ड आणि वर चकाकणारा रंग. धाकट्या भावाला ती पसंत आहे. काका म्हणतात, इंजिन तेवढं चालू करा, बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि तुम्ही विचारताय, दोघांत बरोबर कोण, आणि जुना ट्रॅक्टर रिस्टोर केला असं नेमकं कधी म्हणायचं.

सरळ सांगतो. गॅरेजवाल्याची यादी म्हणजे रिस्टोरेशन नाही. त्या यादीप्रमाणे काम झालं तर दारात एक चांगला, कामाचा ट्रॅक्टर उभा राहील, पण तो आजोबांचा बी-२७५ नसेल. काकांचं म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे, फक्त ते अर्ध्यावर थांबतं. मी बत्तीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतोय. पहिली वीस वर्षं रोजच्या चालत्या गाड्या केल्या, हंगामात रात्री दोन वाजता रानात बॅटरीच्या उजेडात क्लच प्लेटा बदलल्या. गेली बारा वर्षं बहुतेक जुनेच ट्रॅक्टर हातात घेतो. या एका शब्दावरून जेवढी फसगत बघितली, तेवढी डुप्लिकेट पार्टावरूनही बघितली नाही. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

रिस्टोर करणं म्हणजे पूर्ववत करणं. पूर्वीसारखं. आता पूर्वी म्हणजे कधी, हे आधी ठरलं पाहिजे. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसासारखा? आजोबांनी नारळ फोडून दारात लावला त्या दिवसासारखा? का त्यांनी शेवटची नांगरट केली त्या दिवसासारखा? हे तीन वेगळे ट्रॅक्टर आहेत. तिन्हींपैकी कुठलाही दिवस धरलात तरी त्याला रिस्टोरेशन म्हणता येईल, पण एक दिवस धरायचा आणि शेवटच्या नटापर्यंत त्यालाच धरून राहायचं. बोनेट कारखान्यासारखं, सीट आजच्या गाडीची, दिवे मोटरसायकलचे आणि रंग कुठल्याच काळातला नाही, अशी खिचडी झाली की मग ती नुसती दुरुस्ती. दुरुस्ती वाईट नसते, पण नाव दुरुस्तीचंच द्यावं.

तुमच्या गाडीपुरतं बोलू. बी-२७५ मूळचा इंग्लंडमधला, इंटरनॅशनल हार्वेस्टरनं डॉनकास्टरच्या कारखान्यात १९५८ पासून बनवलेला. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हा ट्रॅक्टर तयार व्हायला लागला. ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली. तुमची गाडी त्याच्या तीन वर्षं आधीची. तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोतही बोनेटवर ‘इंटरनॅशनल’ हेच नाव दिसतंय. अशा गाडीवर आजचे स्टिकर चिकटवले की तिचा जन्मदाखलाच बदलला. आत बघितलं तर चार सिलिंडरचं, साधारण ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि ते डीआय नव्हे. डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं, म्हणून त्याला हीटर प्लग लागतात. सकाळी हीटर देऊन थोडं थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा, ही सवय ज्यांना होती त्या पिढीच्या हाताखाली हा ट्रॅक्टर चालला. डीआय इंजिन टाकलं की डिझेल कमी लागेल, थंडीत लवकर सुरू होईल, हे सगळं खरं. पण आजोबांचा हात ज्या हीटरच्या बटणावर जायचा ते बटणच मग शोभेचं होतं.

कारखान्याचा दिवस म्हणजेच खरा दिवस, असं मात्र धरून चालू नका. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर घेऊन. साधे शेतातले ट्रॅक्टर, बर्फावर चालावेत म्हणून त्यांना पट्टे चढवलेले. त्यातला एखादा कुणी कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून निघाला तसा करायचा म्हणून पट्टे काढून साधी चाकं लावली, तर त्यानं काय पूर्ववत केलं? तसे ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांवर बनले. ध्रुवावर गेले ते तीनच. तुमच्या आजोबांनी ध्रुव गाठला नसेल, पण त्यांनी त्या गाडीवर काही ना काही केलंच असणार, आणि ते काय हे आधी शोधायचं.

यात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका बाईंनी मालकांच्या पश्चात त्यांचा मॅसी १०३५ माझ्याकडे दिला. उजव्या मडगार्डला आतल्या बाजूनं एक लोखंडी कडं वेल्डिंग केलेलं होतं, ओबडधोबड, बहुतेक गावातल्याच लोहाराकडून. मला वाटलं दोरी-बिरी बांधायला केलं असेल. ग्राइंडर मारला, लांबी (पुट्टी) भरली, घासून सफाचट केलं, रंग दिला. बाई गाडी न्यायला आल्या. सगळीकडून फिरून बघितलं, मडगार्डावर हात ठेवला आणि विचारलं, “इथलं कडं कुठं गेलं?” त्यांचा मुलगा लहान असताना बापाशेजारी मडगार्डावर बसायचा, पडू नये म्हणून त्याला धरायला ते केलेलं. मुलांना मडगार्डावर बसवू नये, हे मी आजही प्रत्येकाला बजावून सांगतो. तरीही ते कडं काढायचा अधिकार मला नव्हता. तसं दुसरं कडं जोडून देतो म्हणालो, त्या नको म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: मालकाला आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारल्याशिवाय गाडीवरचं एकही वेल्डिंग काढायचं नाही.

मग बदलायचं किती? आमच्या आजोबांचा एक कुळव होता. त्याची पास, म्हणजे माती कापणारं पातं, झिजली की नवी घालायचे, रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, मोडलं की बाभळीचं नवं तासायचे, तरी तो कुळव तोच. दिंड, म्हणजे ज्यात हे सगळं बसवलेलं असतं ते मुख्य आडवं लाकूड, चिरलं त्या वर्षी मात्र आजोबा म्हणाले, “औंदा नवा कुळव केला.” पास आणि रुमणं जुनंच होतं. औताचं औतपण दिंडात असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ट्रॅक्टरचंही तसंच. बहुतेक शेती ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिनचा ब्लॉक, क्लचचं घर, गिअर बॉक्स आणि मागचं ॲक्सल हाउसिंग हे एकमेकांना बोल्टांनी जोडून जो कणा तयार होतो, तीच त्याची चेसिस. हे मोठे कास्टिंग म्हणजे दिंड. ते ज्या गाडीचे, गाडी त्यांची.

म्हणून माझा हिशेब असा. जे भाग झिजण्यासाठीच बनवले आहेत ते बदलले तर मूळपणाला काहीही बाधा येत नाही: रिंगा, पिस्टन, लायनर (सिलिंडरची आतली नळी), बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेकची लायनिंग, ऑइल सील, होज, पट्टा, फिल्टर, टायर. लायनर घातलाच आहे तो झिजल्यावर बदलता यावा म्हणून. क्रँक १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), २० थाऊ, ३० थाऊ घासून अंडरसाइज बेअरिंग बसवायची सोयही बनवणाऱ्यानंच ठेवलेली असते. ती वापरणं म्हणजे त्याच्या इच्छेप्रमाणे वागणं. दिंडातले भाग मात्र बदलायचे नाहीत, दुरुस्त करायचे. कास्टिंगला चीर गेली असेल तर निकेलच्या रॉडनं, तापवून, सावकाश वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार दिवस फिरलात तर घासलेल्या शाफ्टला धातू चढवून पुन्हा मापाला आणून देणारेही सापडतील आणि नमुन्यावरून कास्टिंग ओतून देणारेही. या दोन टोकांच्या मधे जे येतं, बोनेट, ग्रील, मडगार्ड, सीट, मीटर, स्टिअरिंगचं चाक, तिथे खरा कस लागतो. गॅरेजवाला नवं बोनेट घ्या म्हणतो कारण पत्रा ठोकायला त्याला आठ दिवस लागतील आणि नवं आणून लावायला एक तास. तुमच्या फोटोत बोनेट डाव्या बाजूला चेपलंय आणि बॅटरीजवळ दोन बोटं कुजलंय. एवढ्यासाठी बोनेट टाकायचं नसतं. कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा जोडायचा, चेपलेलं आतून ठोकून काढायचं. नव्या बोनेटची वळणं आणि जुन्याची वळणं शेजारी ठेवून बघा, फरक तुमच्याच लक्षात येईल.

कामाला लागायच्या आधी एक वही घ्या. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही: वही नसेल त्या कामाला मी रिस्टोरेशन म्हणत नाही. प्रत्येक भाग निघताना त्याचा फोटो, कुठून निघाला, कोणत्या बाजूला तोंड करून होता, आणि पुढे तीन शब्दांपैकी एक: मूळ, दुरुस्त, बदली. बदली असेल तर काय काढलं आणि काय घातलं. काढलेला जुना भाग भंगारात द्यायचा नाही, तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा. उद्या नातवाला जुनं स्टिअरिंग परत लावावंसं वाटलं तर लावता आलं पाहिजे. हीच वही दाखवून पुढं-मागं कुणाला गाडी विकलीत तर ‘ओरिजिनल आहे’ म्हणायची गरज पडत नाही, तो स्वतःच वाचतो.

हत्यारांबद्दल एक सांगितलंच पाहिजे, कारण जुन्या गाडीचं सर्वांत जास्त नुकसान मी पान्ह्यानं झालेलं बघितलंय. या गाड्या इंची मापाच्या. जुने मिस्त्री अजूनही सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. बोल्टाचं डोकं चार सुती असेल तर ते १२.७ मिलिमीटर. आजचा पोरगा त्याला १३ चा पान्हा लावतो, तो जवळजवळ बसतो, आणि गंजलेल्या बोल्टावर जोर दिला की कोपरे गोल होतात. साडेचार सुती म्हणजे १४.३ च्या आसपास, त्यावर १४ जात नाही आणि १५ गरगर फिरतो. मग छिन्नी-हातोडा येतो. त्याहून वाईट म्हणजे बोल्ट हरवला म्हणून मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घुसवायचा. दोन आटे बसतात, तिसऱ्याला कास्टिंगमधले आटे कापले जातात, आणि पन्नास वर्षं टिकलेलं भोक एका मिनिटात वाया जातं. मूळ बोल्ट घासून, ब्रशनं साफ करून तेच परत लावा. इंची पान्ह्यांचा जुना सेट बाजारात हिंडून मिळवा. ज्या गॅरेजात तो सेट नाही तिथे तुमचा ट्रॅक्टर देऊ नका, मला तर कारागिराची हीच पहिली परीक्षा वाटते.

आता इंजिन. अकरा वर्षं उभं आहे म्हणजे जाम असण्याची शक्यता मोठी. कृपा करून दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून सुरू करायचा प्रयत्न करू नका. रिंगा लायनरला गंजानं चिकटलेल्या असतात. चाकांच्या जोरानं ओढलं की रिंग मोडते, लायनर ओरखडतो, कधी कनेक्टिंग रॉडच वाकतो. आधी ऑइल काढून बघा. तळाशी पाणी आलं किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं असलं तर हेड उतरवूनच पुढे जायचं. तसं नसेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून थोडं-थोडं सोडा आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग फ्लायव्हीलच्या दातांना बार लावून आधी उलट, मग सुलट, केसभर, केसभर हलवायचं. एकदा हलला की घाई करायची नाही. पूर्ण दोन फेरे हातानं मोकळे फिरले पाहिजेत. क्लच प्लेटही एवढ्या वर्षांत फ्लायव्हीलला चिकटलेली असते, ते गृहीत धरा.

डिझेल पंप आणि नोझल टेस्टिंगला द्या, घरी उघडू नका. टाकीत गंज असणारच. ती उतरवून, आत खडी घालून हलवून धुवून घ्या. बॅटरी जोडण्याआधी वायरिंग नीट बघा. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे, आजच्या सवयीनं निगेटिव्ह बॉडीला जोडलं तर डायनामो आणि मीटरची वाट लागू शकते. पहिल्यांदा सेल्फ मारताना स्टॉप ओढून धरा, डिझेल जाऊ देऊ नका, ऑइलचा काटा वर येईपर्यंत नुसतं फिरवा. आणि सुरू करताना एअर क्लीनरचा पाइप सोडवून एका माणसाला फळी हातात देऊन तिथे उभं करा. पंप आतून चिकटलेला असला तर गाडी सुरू होते आणि थांबायचं नाव घेत नाही, आवाज चढतच जातो. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबली की इंजिन गुदमरून बंद पडतं. तळहात लावायचा नाही, फळीच. ही पाळी मी दोनदा बघितलीय, आणि दोन्ही वेळा फळी तयार होती म्हणून इंजिन वाचलं.

रंग सर्वांत शेवटी, आणि लोक सुरुवात तिथूनच करतात. मूळ रंग कोणता, हे दुकानातल्या कार्डावर शोधू नका, गाडीवर शोधा. जिथे ऊन आणि ब्रश दोन्ही पोचलेले नाहीत अशा जागा असतात: नंबर प्लेटच्या मागे, टूल बॉक्सच्या तळाशी, सीटच्या पट्टीखाली, डॅशबोर्डच्या आतल्या कडेला. अशा ठिकाणी हजार नंबरचा पाण्याचा पेपर घेऊन रुपयाएवढी जागा गोल-गोल घासा, अगदी हलक्या हातानं. थरांची वर्तुळं दिसायला लागतात, कांदा आडवा कापल्यासारखी. एकदा एका शेतकऱ्यासमोर मी असं घासत होतो. वरचा नारिंगी लाल, त्याखाली एकदम निळा, त्याखाली दुसरा लाल, जरा गडद आणि मातकट, आणि मग प्रायमर. निळा दिसल्याबरोबर तो माणूस खाली उकिडवा बसला आणि म्हणाला, “हा आक्काच्या लग्नातला. वडलांनी मांडवाच्या आदल्या रात्री स्वतः मारलावता.” सगळ्यात खालचा तो मातकट लाल आम्ही धरला, मिसळणाऱ्याला तो ठिपकाच नेऊन दाखवला. पण टूल बॉक्सच्या आत निळ्याची एक पट्टी तशीच ठेवली, वरून नुसतं पारदर्शक वॉर्निश देऊन.

आणि चकाकी. तेव्हाचा रंग साधा इनॅमल होता, त्याला झळाळी होती पण आरशासारखी नव्हती. आजच्या मोटारीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि त्यावर लॅकर दिलं की ट्रॅक्टर खेळण्यासारखा दिसतो. दुसरी चूक म्हणजे कास्टिंगवर लांबी भरणं. रेतीच्या साच्यात ओतलेल्या लोखंडाला खरबरीत पोत असतो, तो तसाच दिसला पाहिजे. ॲक्सल हाउसिंग जर काचेसारखं गुळगुळीत दिसलं तर समजा की खाली पाव इंच लांबी आहे आणि पहिल्या उन्हाळ्यात ती तडकणार. रेतीचा मारा करून गंज काढतो असं कुणी म्हणालं तर जोडलेल्या गाडीवर अजिबात करू देऊ नका. ती रेती सीलमधून बेअरिंगमध्ये जाते आणि केलेलं सगळं इंजिन काम महिन्याभरात खाऊन टाकते. बोनेटसारखा पातळ पत्राही त्यानं वाकडातिकडा होतो. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताचा ब्रश, वेळ लागला तरी.

मुळात रंग द्यायलाच पाहिजे का? तुमच्या काकांचं म्हणणं मला इथे पटतं. पूर्वीचा रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल, गंज वरवरचा असेल, तर धुवा, मऊ कापडानं पुसा, उघड्या लोखंडाला तेलाचा हलका हात द्या आणि थांबा. गंज थांबवणं हे काम आहे, वय लपवणं हे काम नाही. क्लचच्या पेडलवर आजोबांच्या पायानं जो खोलगट गुळगुळीतपणा आलेला असेल तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. एकदा रंग खरवडला की परत आणता येत नाही. रंग पुढच्या वर्षीही देता येतो.

काका अर्ध्यावर थांबतात असं मी म्हणालो ते यासाठी: इंजिन सुरू झालं म्हणजे ट्रॅक्टर झाला असं नाही. गणपतीत दारात उभा करून रेस मारायला इंजिन पुरतं. ट्रॅक्टर हे औत ओढायचं यंत्र आहे, त्यामुळे त्याची परीक्षा रानातच. माझ्याकडून गाडी जाण्याआधी मी दोन फाळी नांगर जोडून काळ्या रानात तास-दीड तास नांगरट करतो. इंजिन पुरतं तापल्यावर ऑइलचा काटा कुठे राहतो, रेडिएटरचं पाणी किती चढतं, लोडवर धूर कसला येतो, आठही पुढचे गिअर आणि दोन्ही मागचे न ओरडता पडतात का, एक चाक जागेवरच फिरायला लागलं की डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) धरतो का, दोन्ही ब्रेक सारखे लागतात का. नांगर वर उचलून इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत नांगर जमिनीला टेकला असेल तर हायड्रॉलिकचं काम बाकी आहे. रंग एक नंबर आणि लिफ्ट नांगर धरत नाही, अशा गाडीला रिस्टोर केलेली म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

सुरक्षेच्या गोष्टींना मूळपणाचा हा नियम लावू नका. पीटीओच्या (ट्रॅक्टरच्या मागून औजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर झाकण नसेल तर नवं बसवा, मागे रिफ्लेक्टर लावा, दिवे चालू ठेवा. त्यानं मूळपणा गेला असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी आधी ताडून बघा. आजोबांच्याच नावावर गाडी असेल तर वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ भरावा लागतो. ते काम पैसे घालण्याआधी उरका, वारसांत कुणाची हरकत असेल तर आत्ताच कळेल. दुसरं इंजिन घातलंत तर त्यासाठी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, हे गॅरेजवाल्यानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. आणि नंबर पुसट झालाय म्हणून ठोकून नवा करतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, ते बेकायदा आहे. केंद्रानं २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले, ते दुचाकी आणि मोटारी डोळ्यासमोर ठेवून आहेत, ट्रॅक्टरसाठी नाहीत. पण त्यातली अट आपणही घ्यावी अशी आहे: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. तुमची गाडी आज त्यात अगदी बसते. गॅरेजवाल्याची ती यादी अमलात आणलीत की बसणार नाही.

पॉवर स्टिअरिंगबद्दल भावाला एवढंच सांगा. रोज आठ तास रानात चालवायचा असेल आणि खांदे भरून येत असतील तर जरूर बसवावं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यासाठी पुढच्या ॲक्सलला कापाकापी करावी लागत असेल तर थांबा. आणि रोजच्या कामाला तुमच्याकडे दुसरा ट्रॅक्टर आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग याला का कापायचं?

मला विचाराल तर तुम्ही आजोबांच्या शेवटच्या नांगरटीचा दिवस धरावा. इंजिन, पंप, क्लच, ब्रेक, हायड्रॉलिक आतून पूर्ण करून घ्या, बोनेटचा कुजका तुकडा बदला, रंगाला यंदा हात लावू नका. घाई न करता केलं तर पाच-सहा महिने लागतील.

या आठवड्यात दोनच कामं करा. नोझल काढून सिलिंडरमध्ये ते डिझेल-ऑइल सोडा. आणि वही घेऊन काकांना शेडमध्ये न्या, खुर्ची टाकून बसवा. फोटोत डाव्या मडगार्डला ओळीनं तीन भोकं दिसतायत, ती कारखान्याची नाहीत. ती कशासाठी पाडली होती हे विचारून पहिल्या पानावर लिहून घ्या.